दुपारी बाराची मध्यरात्र

"हळू पाय टाका ताई, झोपून रायले सारे," गोकर्णाबाई कुजबुजली आणि तिनं माझ्या पाठीमागचा काळा पडदा सारखा केला.

बाहेर भर दुपार होती. नुकताच बाराचा भोंगा झाला होता, आवारातल्या सायकलींच्या सीटला हात लावायची सोय नव्हती, आणि आम्ही दोघी मध्यरात्रीत उभ्या होतो. खोलीच्या कोपऱ्यात हिरवा जिलेटीन कागद गुंडाळलेला एक बारका दिवा होता. त्याच्या उजेडात गोकर्णाबाईचं लुगडं, माझा पांढरा कोट, कुंड्यांच्या रांगा, सगळंच तळ्याच्या बुडाशी असल्यासारखं दिसत होतं. साठ कुंड्यांमधला भुईमूग मिटून बसला होता. भुईमुगाच्या एका पानाला चार पाती असतात. दिवसा ती उघडी असतात, रात्री दोन-दोन करून एकमेकींना चिकटतात. हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण डोळ्यांनी पाहिलं ते याच खोलीत.

"पाहा, हात जोडून झोपले," गोकर्णाबाई म्हणाली. "देवाचं नाव घेऊन झोपते भुईमूग. मानसासारखं नाई."

मी हसले आणि हसल्याबरोबर तोंडावर हात ठेवला. त्या खोलीत सगळ्यांना आपोआप हळू बोलायची सवय लागायची.

ही उलटी रात्र म्हणजे आमच्या सरांची करामत. वऱ्हाडातल्या एका शेती महाविद्यालयात मी पीएच.डी.साठी आले होते. मी कोकणातली, आडनाव बांदिवडेकर, उन्हाचं नाव काढलं की डोकं धरणारी. माझे मार्गदर्शक डॉ. पिंपळखुटे. माझा विषय होता पानांचं रात्रंदिवसाचं काम, आणि मुलींच्या वसतिगृहाचं फाटक बंद व्हायचं संध्याकाळी सातला. रात्री प्रयोगशाळेत थांबायची परवानगी मागितली, तर रेक्टरबाईंनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी पुन्हा विचारलंच नाही.

सरांना सांगितलं, तेव्हा ते शांतपणे चष्मा पुसत म्हणाले, "बांदिवडेकर, तुला रात्री येता येत नाही ना? मग आपण रात्रच दिवसा बोलावू."

आणि बोलावली. मागच्या बाजूची एक अडगळीची खोली त्यांनी काळ्या कापडानं मढवली, छताला ट्यूबलाइटच्या रांगा लावल्या आणि घड्याळाच्या स्विचनं संध्याकाळी सहा ते सकाळी सहा उजेड, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा अंधार असा बंदोबस्त केला. पहिले आठ दिवस झाडांना काही कळेना. बाहेरची संध्याकाळ झाली की ट्यूबलाइटखालीसुद्धा ती पेंगायची. मग हळूहळू त्यांनी नवा दिवस कबूल केला. झाडांच्या दिवसातली पानं सर स्वतः खुडत. त्यांचं क्वार्टर जवळच होतं, रात्री जेवून पायात चपला अडकवून ते यायचे. रात्रीची पानं, म्हणजे आमच्या दुपारची, माझ्या वाट्याला.

आम्ही शोधत काय होतो, तेही सांगते. मुळं जमिनीतून नत्र वर पाठवतात, पण ते पानाला तसंच्या तसं चालत नाही. कच्च्या धान्यासारखं असतं ते. पानात एक विकर असतं, ते त्या नत्राचं रूप बदलून त्याला उपयोगाचं करतं. उजेड असला की हे विकर कामाला लागतं आणि अंधार पडला की हात आवरतं, असं सगळे मानत होते. भुईमुगात ते नक्की केव्हा थांबतं आणि केव्हा सुरू होतं, हे आम्हाला बघायचं होतं. पान खुडायचं, लगेच वजन करायचं, बारीक चिरून काचेच्या नळीत घालायचं, अर्धा तास कोमट पाण्यात, अंधारात ठेवायचं, मग दोन औषधं टाकायची. विकर जागं असेल तर नळीतलं पाणी गुलाबी होतं. झोपलं असेल तर पाणी पाण्यासारखं राहतं. त्याला आम्ही पांढरी नळी म्हणायचो.

पहिले दोन दिवस पानं मीच खुडली. दोन्ही दिवस रात्रीच्या नळ्या पांढऱ्या आल्या. पण आत जाऊन खुडायचं, पडद्यातून बाहेर यायचं, हात पुसून तराजूवर बसायचं, यात पान कोमेजायला लागायचं. म्हणून सरांनी गोकर्णाबाईला माझ्या दिमतीला दिलं.

ती पन्नाशीची असेल. काटक, कपाळावर हिरवं गोंदण, कमरेला तंबाखूची चंची. अकरा वर्षं महाविद्यालयाच्या शेतावर रोजंदारीनं निंदण करत होती. तिच्या बोटांत अशी काही किमया होती की पान खुडल्याचं देठालाही कळू नये. पहिल्या दिवशी मी तिला काय सांगितलं ते मला शब्दशः आठवतं. "वरून तिसरं पान घ्यायचं. जखम होऊ द्यायची नाही. आत अंधार असतो, सांभाळून." एवढंच. त्यानंतर ती आत जायची, मी बाहेर तराजूपाशी बसायची. पडद्याखालून बर्फाचा डबा सरकत यायचा, त्यात बारा पानं.

ती आत जरा वेळ लावायची. म्हातारं माणूस, अंधाराला डोळे सरावायला वेळ लागणारच, असं मी धरून चालले.

तिसऱ्या दिवशी रात्रीच्या नळ्या गुलाबी झाल्या.

फिका नव्हे, चांगला गुलाबी. बाराच्या बारा नळ्या एकाच रंगाच्या, एकीत उणं नाही की अधिक नाही. मी सरांना बोलावलं. ते आले, नळ्या खिडकीशी धरल्या, पुन्हा ठेवल्या, पुन्हा धरल्या.

"पुन्हा कर," ते म्हणाले.

मी पुन्हा केलं, चौथ्या दिवशी, पाचव्या दिवशी, महिनाभर. रोज गुलाबी. भुईमुगाचं पान मध्यरात्रीसुद्धा काम करतं, असं त्या नळ्या सांगत होत्या. कुणी आजवर न पाहिलेली गोष्ट आमच्या अडगळीच्या खोलीत रोज दुपारी बाराला घडत होती. मग मी वहीची मागची पानं उलटली आणि पहिल्या दोन दिवसांच्या पांढऱ्या नळ्यांवर लाल शाईनं काट मारली. शेजारी लिहिलं, 'रसायन जुने.' ते जुनं होतं की नाही, हे मी बघितलं नव्हतं.

ते दोन महिने मला आठवतात ते स्वप्नासारखे. मी काम नसतानाही त्या खोलीत जाऊन उभी राहायची. दिवसातून चारदा मध्यरात्रीत शिरायची आणि चारदा भर उन्हात बाहेर यायची, आणि हळूहळू मला दोन्हीतलं खरं कुठलं ते कळेनासं झालं. वसतिगृहात डोळा लागला की हिरवा उजेड दिसायचा. वर्गात बसले की आपण अंधारात असून समोरचा फळा तेवढा कुणीतरी उजळलाय असं वाटायचं. गोकर्णाबाई मला बघून म्हणायची, "ताई, तुमच्या डोयात झोप हाय अन् आंगात नाई." मला त्याचं काही वाटायचं नाही. मी इतकी सुखात पूर्वी कधी नव्हते, आणि हे मान्य करायला आज मला लाज वाटत नाही.

सरांनी घाईनं एक छोटा लेख लिहून परदेशी मासिकाला धाडला. इंग्लंडमधल्या त्यांच्या एका ओळखीच्या प्राध्यापकांना त्यांनी नळ्यांचे आकडे कळवले, आणि मे महिन्यात मला तिकडून पत्र आलं. दोन वर्षांची शिष्यवृत्ती, येण्याजाण्याच्या भाड्यासकट, लेख छापून आला की जागा पक्की. पत्र मी कोटाच्या खिशातच ठेवायची. त्याच आठवड्यात कायम करायच्या मजुरांची यादी कार्यालयात तयार होत होती. त्यात सरांनी गोकर्णाबाईचं नाव घातलं, शेरा लिहिला, 'नमुने घेण्यात अत्यंत कुशल.' मी तो तिला वाचून दाखवला. तिनं दोनदा वाचायला लावला आणि मग पदराआड तोंड करून जरा वेळ तशीच बसली.

मग तो मंगळवार आला.

सकाळी अकराला वीज गेली. पंखे थांबले, इमारत एकदम गप्प झाली. बाराला गोकर्णाबाई नेहमीसारखी आत गेली, पण या वेळी डबा लगेच सरकत आला. पाठोपाठ ती आली. चेहरा उतरलेला.

"काय झालं?"

"काई नाई," ती म्हणाली आणि भिंतीला टेकून बसली.

मी स्पिरिटच्या दिव्यावर पाणी तापवून नळ्या लावल्या. अर्ध्या तासानं औषधं टाकली आणि वाट बघत बसले. पाणी पाणीच राहिलं. बाराच्या बारा नळ्या पांढऱ्या.

"गोकर्णाबाई," मी म्हटलं, "आज आत काही वेगळं केलंत का?"

"आज दिवाच नाई लागला ना ताई. लाइन गेलती." तिचा आवाज रडवेला झाला. "तशीच तोडली मी. झोपेत. पाप लागलं मले."

"कुठला दिवा?"

मला तो माहीत होता. कुंड्यांना पाणी घालताना लावायचा मोठा दिवा, साठ कुंड्यांच्या बरोबर वर टांगलेला. त्याचा स्विच दाराच्या डाव्या बाजूला, खांद्याच्या उंचीवर. मला माहीत होतं, तरी मी विचारलं.

तिनं सगळं सांगितलं. लपवायचं असं तिच्या मनात काही नव्हतंच. "माह्या मायनं शिकवलं. लेकराले ताप आला, रातीले तुळशीचं पान लागलं, तं आंधी दिवा लावाचा. तिले उठवाचं. मंग मांगाचं, अन् मंग तोडाचं. झोपेत तोडलं तं झाडाले समजत नाई कोनं नेलं. सकाळी थे शोधत रायते." मग ती हातांनी करून दाखवत म्हणाली, "मी दिवा लावतो. म्हंतो, उठ माय, पान देजो, मंग झोपजो. अन् बसतो खाली. उठल्या उठल्या कसं तोडाचं? त्याईले चूळ भराले टाइम नको? माही तंबाखू मळून होते तंवरिक बसतो. मंग तोडतो, अन् दिवा मालवतो."

मी वही उघडून आकडे बघितले. मध्यरात्री काम करणारं पान जगात कुठेच नव्हतं. होती ती दिवा लावून उठवलेली झाडं, आणि रोज ठरल्या वेळेत मळून होणारी चिमूटभर तंबाखू, म्हणून तर बाराही नळ्या इतक्या एकसारख्या.

ती मात्र नळ्यांकडे बघत होती. उठून जवळ आली. कालच्या गुलाबी नळ्या अजून स्टँडमध्ये होत्या, शेजारी आजच्या पांढऱ्या. तिनं एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे, आणि तिच्या तोंडावर असं काही पसरलं की मी ते आजही विसरलेले नाही.

"म्हंजे ताई, दिवा लावला तं गुलाबी? नाई लावला तं पांढरं?"

"हो."

"म्हंजे थे खरंच झोपते! अन् खरंच उठते!" तिनं माझा हात धरला. "माही माय खोटं नवती बोलत. सारे हासत तिले. सरायले सांगतो मी. आत्ताच्या आत्ता सांगतो."

"थांबा," मी म्हटलं.

ती थांबली.

"सरांना इतक्यात काही बोलू नका. तुमची यादी लागायची आहे. आणि दिवा... दिवा लावत राहा. नेहमीसारखा."

"काहून?"

"प्रयोग असा मध्येच बदलता येत नाही."

तिनं विश्वासानं मान हलवली. शिकलेली बाई सांगते आहे म्हणजे तसंच असणार. बुधवारी तिनं दिवा लावला. गुरुवारी लावला. शुक्रवारीही लावला. तिन्ही दिवस नळ्या गुलाबी आल्या, तिन्ही दिवस मी आकडे वहीत उतरवले, आणि मंगळवारच्या पांढऱ्या नळ्यांवर लाल काट मारून शेजारी लिहिलं, 'रसायन जुने.' आता मला ठाऊक होतं की ते जुनं नाही. रात्री मी खिशातलं पत्र काढून वाचायची आणि झोप लागायची नाही.

शनिवारी बाराला गोकर्णाबाई आत गेलीच नाही. काळ्या पडद्याबाहेर उभी राहिली.

"ताई, तुमी म्हटलं म्हून तीन दिस लावला," ती म्हणाली. "पन सरायले सांगाचं नाई असं जे हाय, थे चोरीचं झालं. चोरून दिवा नाई लावत मी. देवाजवळ बी नाई. आज पानं तुमी तोडा."

रागावली नव्हती. तंबाखूला चुना लावावा तितक्या सहज ती हे बोलली. मी डबा घेतला आणि आत गेले.

खोली तशीच होती. हिरवा उजेड, मिटलेली पानं, ओल्या मातीचा वास. बाहेर कुणी सायकलची घंटी वाजवली, ती फार लांबून, दुसऱ्या कुठल्या दिवसातून आल्यासारखी वाटली. माझा डावा हात खांद्याच्या उंचीवर गेला आणि बोट स्विचवर टेकलं. एक खटका, आणि थोडा वेळ बसून राहायचं. त्यानं लेख शाबूत राहणार होता, इंग्लंड राहणार होतं, गोकर्णाबाईची यादीसुद्धा राहणार होती. तिच्यासाठीच करतेय असं म्हणायचीही सोय होती.

किती वेळ गेला सांगता येत नाही. त्या खोलीत वेळ नव्हताच. साठ कुंड्या हात जोडून बसल्या होत्या, आणि मला खरोखर भीती वाटली, की दिवा लागला तर त्या डोळे उघडतील आणि मला ओळखतील. मी हात खाली घेतला. अंधारातच बारा पानं चाचपून खुडली. गोकर्णाबाईसारखं काही म्हणावंसं वाटलं, पण तिचे शब्द उठवायचे होते, आणि मला उठवायचं नव्हतं. "झोपा," एवढंच म्हणाले.

नळ्या पांढऱ्या आल्या. त्या तशाच उचलून मी सरांच्या खोलीत नेल्या आणि टेबलावर ठेवल्या.

सरांनी बराच वेळ पाहिलं. "आज वीज होती?"

"होती. पानं मी खुडली. दिवा न लावता. मंगळवारी वीज गेली होती, तेव्हाही पांढऱ्याच आल्या." मग दिव्याचं सांगितलं, ते मला कधी कळलं एवढं सोडून.

सर खुर्चीत मागे रेलले. लेख गेला, नाव गेलं, हे त्यांच्या चेहऱ्यावर मी पाहिलं. पण ते ओरडले नाहीत. त्यांनी शिपायाला पाठवून गोकर्णाबाईला बोलावलं.

"बस," ते म्हणाले. "दिवा लावून किती वेळ बसत होतीस?"

"तंबाखू मळून होईस्तोवर."

"काढ तुझी चंची. मळ."

ती बावरली, मग मळायला लागली. सरांनी ड्रॉवरमधून स्टॉपवॉच काढलं. एका मोठ्या शास्त्रज्ञाच्या खोलीत एक बाई चुना-तंबाखू मळते आहे आणि तो घड्याळ धरून बसला आहे, हे दृश्य कुणी पाहिलं असतं तर हसून मेलं असतं. शेवटची थाप पडली तसं सरांनी बटण दाबलं.

"सहा मिनिटं दहा सेकंद," ते स्वतःशीच म्हणाले. "सहा मिनिटांत जागं होतं ते. बघ बांदिवडेकर, हे कुणी मोजलंय का?" त्यांचे डोळे चमकले. तो माणूसच तसा होता. मग ते माझ्याकडे वळले. "मंगळवारी पांढऱ्या आल्या. मग तीन दिवस काय करून राहिली तू?"

"मला वाटलं रसायन जुनं आहे," मी म्हणाले.

सरांनी गोकर्णाबाईला विचारलं, "मंगळवारी ताईनं तुला काही विचारलं नाही? दिवा लाव, नको लावू, काही म्हणाली?"

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या नजरेत जाब नव्हता. ती वाट बघत होती, एवढंच. दिवा लावून झाडापाशी बसावं तशी. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं, 'मीच सांगितलं होतं.' तीन शब्द. मी नळ्यांकडे पाहत राहिले.

"नाई जी," गोकर्णाबाई म्हणाली. "ताईले काई मालूम नवतं. मीच लावत होती."

सोमवारी सरांनी लेख परत मागवण्याची तार केली आणि कार्यालयाला द्यायचा खुलासा मला लिहायला सांगितला. मी लिहिला. त्यात त्रुटीचं कारण द्यावं लागतं. 'नमुने घेणाऱ्या मजुराने सूचनांचे उल्लंघन करून अंधारकक्षात प्रकाश लावला.' तीन प्रती टंकलिखित केल्या. सरांनी माझ्यावर भरवसा ठेवून सही केली. दिवा लावू नको अशी सूचना तिला कुणी, कधी दिली होती, हे त्यांनी विचारलं नाही. मी तिला फक्त सांभाळून जा म्हणाले होते. उल्लंघन हा शब्द माझा होता.

पंधरा दिवसांनी यादी लागली. तिचं नाव त्यात नव्हतं. सर कार्यालयात जाऊन भांडले, तर बाबूंनी त्यांच्याच सहीचा खुलासा त्यांच्यासमोर ठेवला. ती पुन्हा निंदणाला शेतावर गेली.

इंग्लंड गेलं, त्याचं मला दुःख झालं, पण ते टिकलं नाही. सरांनी विषय बदलून दिला, झोपलेलं पान जागं व्हायला किती उजेड आणि किती वेळ लागतो. मी आठ महिने एकटीनं त्या खोलीत काम केलं. प्रबंध चांगला झाला असं लोक म्हणाले. प्रयोगशाळेच्या मागच्या दारातून भुईमुगाचं शेत दिसायचं, आणि त्यात ओणवी झालेली निंदणाऱ्या बायकांची रांग. चालत गेलं तर दहा मिनिटं. मी एकदाही गेले नाही. आज जाऊ, उद्या जाऊ, प्रबंध झाला की जाऊ, असं करत राहिले.

रत्नागिरीच्या कॉलेजात नोकरी मिळाली. निघायच्या दिवशी सहाची गाडी होती. उजाडायच्या बेतात होतं. रिक्षा फाटकाशी थांबवून मी मजुरांच्या चाळीपर्यंत चालत गेले आणि गोकर्णाबाईच्या दाराशी उभी राहिले. दार लोटलेलं होतं. आत सगळं शांत. बाहेर पत्र्याच्या डब्यात लावलेली तुळस. मी कडीला हात लावला. मग म्हटलं, दिवसभर राबलेली बाई आहे, झोपू दे. तसंच मागे फिरले.

या गोष्टीला आता छत्तीस वर्षं झाली. मी वनस्पतिशास्त्र शिकवलं, निवृत्त झाले. दरवर्षी मुलांना भुईमुगाची मिटलेली पानं दाखवली, सहा मिनिटांचा प्रयोग करवून घेतला. तो प्रयोग कुणाचा, हे कधी सांगितलं नाही.

नोकरीवर रुजू झाले त्या महिन्यातच एक पोस्टकार्ड आलं होतं. पत्ता तिनं शिपायाकडून मिळवला असणार. अक्षर तिच्या लेकीचं, चौथी शिकलेलं. वर लिहिलं होतं, आई सांगते तसं लिहिते. खाली एवढंच होतं:

"ताई, तुमी गेल्या त्या दिशी माह्या दाराशी येऊन उभ्या रायल्या. तुमच्या चपलेचा आवाज मले वयखू येते. मी जागीच होती. तुमी उठवसान म्हून पडून रायली. जे नेलं, थे उठवून मांगलं असतं तं मी देल्लं असतं."